काळी चार म्हणजे उणे चार

सिंथेसायझर घ्यायला गेलेला मराठी माणूस आधी बटणं मोजतो, आवाज मागाहून ऐकतो. एवढे पैसे टाकायचे आणि पुढच्या पॅनेलवर मोजून पंधरा बटणं, हा हिशेब त्याला पटत नाही. शेजारीच निम्म्या किमतीचा कीबोर्ड ठेवलेला असतो. त्यावर साठ बटणं, रंगीत दिवे, स्पीकरही अंगचेच. मग हे महागडं काळं धूड न्यायचं कशाला? दुकानदार अशा वेळी वाद घालत नाही. तो डेमोचं बटण दाबतो. ड्रम, ट्रम्पेट, व्हायोलिनं असा सगळा ताफा आतून एकदम सुरू होतो आणि गिऱ्हाईक बायकोकडे अशा नजरेने बघतं, की हे सगळं आता घरी रोज होणार. सौदा ठरतो.

घरी आल्यावर बराच काळ हे डेमोचं बटणच अब्रू राखतं. पाहुणे आले की ते हळूच दाबायचं, पट्ट्यांवर बोटं नाचवायची, डोळे मिटायचे, मान डोलवायची. कुणाला संशय येत नाही. धोका एकच. एक गाणं संपलं की यंत्र आपण होऊन दुसरं सुरू करतं, आणि तोवर वादकाचा हात पोह्यांच्या बशीपर्यंत गेलेला असतो.

सोबत मॅन्युअल येतं. त्याच्या पहिल्या काही पानांवर यंत्रावर पाण्याचा ग्लास ठेवू नका, पावसात नेऊ नका, प्लग ओल्या हातांनी काढू नका, असं सगळं लिहिलेलं असतं. या पानांच्या पुढे आमच्या माहितीतलं कुणी गेलेलं नाही. मग ते मिक्सर आणि गीझरच्या मॅन्युअलांसोबत वॉरंटी कार्डासह कपाटात जातं, आणि पॅनेलची ओळख ज्याची त्याने आपली आपण करून घ्यायची असते.

त्या ओळखीत पहिला अडथळा म्हणजे कारखान्यातून पॅनेलवर चिकटून आलेलं पातळ प्लास्टिक. ते काढायचं नसतं, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. कडा सुटतात, मधे फुगे येतात, फुग्याखाली निम्मी अक्षरं दिसेनाशी होतात, तरी प्लास्टिक राहतं. त्यावर क्रोशाचं झाकण. दसऱ्याला वाद्यपूजा असते. पेटी, तबला, टाळ यांच्या रांगेत सिंथेसायझरही बसतो. आता हळदकुंकू वाहायला सपाट जागा कुठे, तर डिस्प्लेच्या शेजारी, आणि नेमकी तिथेच व्हॉल्यूमच्या स्लायडरची उभी फट असते. कुंकू फटीतून आत उतरतं. दिवाळीपर्यंत स्लायडर सरकवला की स्पीकरमधून खरखर यायला लागते. दुरुस्तीवाला वरची फळी उघडतो, ब्रश फिरवतो, फुंकर मारतो, लाल धूळ उडते. तो फक्त "दसरा का?" एवढंच विचारतो आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळतो.

खरं तर हे पॅनेल वाचता येतं. वाचता यावं अशाच बेताने ते मुळात मांडलं गेलं. अमेरिकेत रॉबर्ट मूग यांनी १९६०च्या दशकात बनवलेले सिंथेसायझर म्हणजे मोठाली कपाटं होती. एका खणातली तार दुसऱ्या खणात खुपसल्याशिवाय साधा सासुद्धा निघत नसे. १९७० साली मिनिमूग आला तेव्हा त्या तारा पोटात गेल्या आणि बाहेर उरल्या चव्वेचाळीस पट्ट्या आणि त्यांच्यामागे तिरकी उभी राहणारी एक फळी. तिच्यावर सगळं डावीकडून उजवीकडे क्रमाने लावलेलं. आधी तीन ऑसिलेटर, तिथे सूर जन्मतो. मग मिक्सर, तिथे कुणाचा आवाज किती ते ठरतं. मग फिल्टर आणि एन्व्हलप, तिथे त्या सुराला आकार येतो. शेवटी आउटपुट. सूर ज्या वाटेने जातो त्याच वाटेने नजर जाते. आपल्याकडे हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात मूग आणणाऱ्यांत केरसी लॉर्ड यांचं नाव पहिलं घेतलं जातं.

पण या यंत्राला स्मरणशक्ती नव्हती. नॉब फिरवून फिरवून मनासारखा आवाज सापडला की तो उतरवून ठेवायचा कागदावर. त्यासाठी पॅनेलचं छापील चित्रच मिळायचं आणि प्रत्येक नॉबचा काटा कुठे ते पेन्सिलीने मांडायचं. मध्यंतरात कुणी फळीवर कोपर टेकून गप्पा मारल्या की आवाज गेला. १९७८ साली सिक्वेन्शियल सर्किट्स या कंपनीच्या प्रॉफेट-फाइव्हने आवाज लक्षात ठेवायला सुरुवात केली, चाळीस आवाज, आणि पॅनेलवर आकड्यांची बटणं आली. वादकांना हायसं वाटलं. ते हायसं वाटणंच पुढे महागात पडलं. एकदा आकडा दाबून आवाज मिळतो म्हटल्यावर नॉबला हात लावणार कोण?

१९८३ साली यामाहाचा डीएक्स-सेव्हन आला आणि नॉब गेलेच. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या जॉन चाउनिंग यांच्या संशोधनावर उभं राहिलेलं हे यंत्र आवाज घडवायचं ते गणिताने. आत सहा ऑपरेटर, आणि त्यांची एकमेकांशी नाती जोडायच्या बत्तीस तऱ्हा. त्या बत्तीसच्या बत्तीस तऱ्हांच्या आकृत्या पॅनेलवर छापलेल्या. बाकी दाबलं गेलं की नाही ते बोटाला न कळणारी सपाट बटणं, किमती बदलायला एकच स्लायडर, आणि दोन ओळींचा इवलासा डिस्प्ले. वादकांनी त्या आकृत्या पाहिल्या, मनोमन हात जोडले, आणि कारखान्यातून आलेले आवाजच वाजवत राहिले. दुरुस्तीला आलेली यंत्रं उघडली तर आत बहुतेकांनी एकही नवा आवाज साठवलेला नसे, असा किस्सा या धंद्यात अजून सांगतात. ऐंशीच्या दशकातल्या हळव्या इंग्रजी गाण्यांत जो काचेसारखा किणकिणता पियानो ऐकू येतो, तो बहुतेक वेळा हाच, कुणी न बदललेला.

तिथून पुढे पॅनेलचा कारभार आकड्यांवर चालू लागला. १९९१ साली जनरल मिडी नावाचं प्रमाण ठरलं आणि १२८ आवाजांना कायमचे क्रमांक मिळाले. कुठल्याही कंपनीचं यंत्र घ्या, क्रमांक तेच. १ वर पियानो. १०५ वर सतार. ११२ वर चक्क सनई. म्हणजे आपल्या लग्नकार्याची सोय थेट आंतरराष्ट्रीय करारात झाली. ११२ च्या जागी घाईघाईत १२१ दाबलं गेलं तर मात्र गिटारच्या तारेवरून बोट घासल्याची नुसती खरवड ऐकू येते, म्हणजे अंतरपाट दूर झाला, अक्षता पडल्या, आणि मंगल क्षणी सनईच्या जागी खर्रर्र. काही यंत्रं एकऐवजी शून्यापासून मोजतात. त्यांच्यावर ११२ दाबलं की घंटा किणकिणतात, आणि भटजींना वाटतं आरती सुरू झाली.

या यादीची शेपूट तर मुळातून वाचण्यासारखी आहे. १२३ वर समुद्राची गाज, १२४ वर पक्ष्यांची किलबिल, १२५ वर टेलिफोनची घंटा, १२६ वर हेलिकॉप्टर, १२७ वर टाळ्या, आणि १२८ वर बंदुकीची गोळी. संगीताच्या यादीत टाळ्यांना लागूनच गोळी ठेवणाऱ्यांनी श्रोते फार जवळून पाहिलेले असावेत.

आपल्याकडे मात्र पॅनेलवरचं सगळ्यात महत्त्वाचं बटण यातलं कुठलंच नव्हे. ते म्हणजे ट्रान्सपोज.

कारण आपल्याकडे गाणाऱ्याची पट्टी आधी ठरते आणि बाकी जग मग तिच्याभोवती फिरतं. गणपतीत सोसायटीच्या मांडवात भजन असतं. कीबोर्डवर कॉलेजात जाणारा मुलगा. तो जे काही वाजवतो ते पांढरी एकमध्ये शिकलेला आहे आणि उरलेल्या अकरा पट्ट्या शिकायचा त्याचा इरादा नाही. बुवा बैठकीवर येतात, पखवाजाकडे बघतात, मग मुलाकडे.

"पट्टी कुठली, बुवा?"

"आपली नेहमीची. काळी चार."

मुलगा ट्रान्सपोजचा बाण चार वेळा खाली दाबतो. डिस्प्लेवर उणे चार. बुवा खाकरतात.

"नाही रे, घसा जरा बसलाय आज. पांढरी चार घे."

अधिक पाच. मुलगा बाण नऊ वेळा वर दाबतो.

"चार म्हटलं मी. ते पाच कसलं दिसतंय?"

"बुवा, ते चारच आहे."

"मग पाच का लिहिलंय?"

इथे पखवाजवाल्यांनी थाप मारून विषय बदलला म्हणून निभावलं. मुलाचाही इलाज नाही. यंत्र काळ्या-पांढऱ्यात भेद करत नाही, ते सगळ्या पट्ट्या एका रांगेत मोजतं. काळी दोन म्हणजे अधिक तीन, काळी तीन म्हणजे अधिक सहा, काळी पाच म्हणजे उणे दोन, पांढरी सहा म्हणजे उणे तीन. काही ठिकाणी आकडे जुळतात, काळी एक अधिक एक, पांढरी दोन अधिक दोन, काळी चार उणे चार, पांढरी पाच उणे पाच, आणि याच चार ठिकाणी नवखा माणूस आपल्याला नियम सापडला असं समजतो. गावोगावच्या कीबोर्डांवर डिस्प्लेच्या खाली सेलोटेपने चिकटवलेली, बॉलपेनने लिहिलेली जी चिठ्ठी दिसते, ती हीच. कंपनीच्या डिझाइनवाल्यांनी महिनोन् महिने खपून काढलेल्या पॅनेलचा सगळ्यात जास्त वाचला जाणारा भाग म्हणजे ती चिठ्ठी.

जुने पेटीवाले हे सगळं तोंड वाकडं करून बघतात. त्यांच्यातल्या एकांनी त्या मुलाला विचारलं, "बटण दाबून पट्टी बदलतोस, मग रियाज कशाचा केलास?" मुलगा म्हणाला, "काका, तुमच्या पेटीत तर अख्ख्या पट्ट्याच उचलून सरकवता येतात." पेटी स्केलचेंजर होती. काकांनी पान लावायला घेतलं.

ट्रान्सपोजची आणखी एक खोड आहे. यंत्र बंद करून चालू केलं की बहुतेक कीबोर्ड पुन्हा शून्यावर येतात. काही येत नाहीत. आपला कुठल्या जातीचा ते बहुधा पंधरा ऑगस्टला सकाळी, झेंडावंदनाला, सगळी सोसायटी सावधान उभी राहिल्यावर कळतं.

आता डाव्या हाताकडे येऊ. पेटी वाजवणाऱ्याचा डावा हात जन्मभर भात्यात गुंतलेला. सिंथेसायझरला भाता नाही, त्यामुळे तो हात एकाएकी बेकार झाला. या बेकारीची तरतूद मिनिमूगपासूनच झालेली आहे. पॅनेलच्या डाव्या टोकाला दोन चाकं असतात. रोलँडच्या यंत्रांवर चाकांऐवजी आडवी हलणारी दांडी मिळते, कॉर्गच्या अनेक यंत्रांवर जॉयस्टिक, काम तेच. पहिलं चाक पिचचं. ढकललं की सूर चढतो, ओढलं की उतरतो, सोडलं की चाक स्प्रिंगने मधे परत येतं आणि सूरही घरी येतो. दुसरं मॉड्युलेशनचं, ते बहुधा सुराला कंप देतं. त्याला स्प्रिंग नसते. जिथे ठेवाल तिथे ते राहतं, आणि घोटाळा इथेच होतो. निवेदकाने माइकची वायर ओढताना मनगटाने ते चाक वर सरकवलं की पुढचं भक्तिगीत शेवटपर्यंत थरथरत राहतं. श्रोते म्हणतात, काय भाव ओतला होता!

पिचचं चाक आपल्या लोकांच्या हाती पडलं ही मात्र भाग्याची गोष्ट. ऑल इंडिया रेडिओने १९४० साली पेटीवर बंदी घातली होती, ती उठायला १९७१ उजाडलं. पेटीत मींड निघत नाही, तिच्या ठरीव सुरांत श्रुती सापडत नाहीत, हा तिच्यावरचा जुना आक्षेप. एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं तिला जमत नाही, ते खरंच आहे. ते जमवणारं चाक मिनिमूगवर आलं १९७० साली. या दोन सालांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही, पण शेजारी शेजारी ठेवली की बरी दिसतात.

हे चाक कारखान्यातून येतं तेव्हा बहुधा दोनच सुरांची मुभा देतं, म्हणजे सावरून शुद्ध रेपर्यंत जाता येतं, गपर्यंत नाही. ही मर्यादा वाढवायची सोय मेनूच्या पोटात कुठेतरी असते, आणि ती ज्याला सापडते तो लगेच बारावर नेऊन ठेवतो. मग चाकाला नुसता धक्का लागला तरी यमन गावाबाहेर जातो. दोनवर ठेवून मींड शिकावी, चांगलं जमलं तर तीन-चारवर जावं, हे माझं मत. पण नव्याने चाक सापडलेल्या माणसाला मत सांगून उपयोग नसतो. ज्या गाण्यात मूळ गायकाने एकदाही मींड घेतलेली नाही, त्यातल्या प्रत्येक सुराला तो खालून ओढत वर आणतो.

यापुढचा मुलूख निर्मनुष्य आहे. पॅनेलच्या उजव्या बाजूला फिल्टर आणि एन्व्हलपचे नॉब असतात, आणि वापरलेल्या यंत्रांवरही ते दुकानातून आणल्या दिवसाइतके कोरे दिसतात. खरी गंमत तिथेच दडलेली आहे, म्हणून तिथे जरा थांबू.

फिल्टरचा मुख्य नॉब म्हणजे कटऑफ. शेजारच्या मांडवातला लाउडस्पीकर आपण खिडकी लावून घेतल्यावर जसा ऐकू येतो, टाळ-चिपळ्यांची कणकण बाहेर राहते आणि ढोलाची धमधम तेवढी आत येते, ते काम हा नॉब करतो. डावीकडे फिरवत गेलात की वरचे झणझणीत स्वर एकेक करून गळतात आणि सूर घुमा होतो. उजवीकडे नेलात की सगळं उघडं पडतं. शेजारचा नॉब रेझोनन्स. ज्या ठिकाणी कटऑफची कात्री चालते, नेमक्या तिथल्याच स्वरांना तो फुगवतो. थोडा फिरवला की सुराला नाक येतं. आणखी फिरवला की तोंडाचा चंबू करून कुणी वॉव-वॉव म्हणतंय असं वाटतं. अनेक यंत्रांवर पूर्ण फिरवला की फिल्टर स्वतःच शिट्टी घालतो, आणि मग घरातले बाकीचे लोक येतात.

हे दोन नॉब वाजवता वाजवता फिरवायचे असतात, ही गोष्ट जगाच्या ध्यानात यायला वेळ लागला. रोलँडने १९८१ च्या अखेरीस टीबी-३०३ नावाचं छोटं चंदेरी यंत्र काढलं. एकट्याने रियाज करणाऱ्या गिटारवाल्याला बेसची साथ मिळावी, एवढाच हेतू. वरच्या ओळीत सहा नॉब. गिटारवाल्यांना ते आवडलं नाही, आणि १९८४ साली कंपनीने ते बंद केलं. पडेल भावात विकली गेलेली ती यंत्रं शिकागोतल्या पोरांच्या हाती लागली. त्यांनी साथबिथ सोडून दिली, एकच ओळ घोळवत ठेवली आणि सहा नॉब हवे तसे पिळले. फ्यूचर या त्रिकुटाची 'ॲसिड ट्रॅक्स' ही तबकडी १९८७ साली निघाली आणि तिने नाचाच्या संगीताचा एक नवा पंथच सुरू केला.

आणि हे होण्याच्या पाच वर्षं आधी, १९८२ साली, आपल्या मुंबईत हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात वाजवणारे चरणजित सिंग यांनी हाच ३०३, सोबत टीआर-८०८ हे तालयंत्र आणि ज्युपिटर-एट हा सिंथेसायझर घेऊन दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले होते. भैरव, ललित, मेघमल्हार. एचएमव्हीने त्याची तबकडीही काढली. तेव्हा तिला फारसं कुणी विचारलं नाही. २०१० साली ती परदेशात पुन्हा निघाली आणि तिकडचे जाणकार चक्रावून गेले. त्यातलं ऐकण्यासारखं काय, तर ज्युपिटरवर मींड घेत फिरणारा राग आणि खाली ३०३ चं न थकता चाललेलं घोळवणं. ज्यांनी पॅनेलशी दोस्ती केली त्यांनी काय केलं, ते ऐकायचं तर ही तबकडी ऐकावी.

फिल्टरच्या पलीकडे चार स्लायडर उभे असतात. ॲटॅक, डिके, सस्टेन, रिलीज. उंची सारखी, टोप्या सारख्या, आणि फसवणूक यातच आहे, कारण यातले तीन वेळ मोजतात आणि एक पातळी. पट्टी दाबल्यापासून आवाज पूर्ण भरायला लागणारा वेळ तो ॲटॅक. संतूरला तो जवळजवळ शून्य, बासरीला थोडा. पहिला जोर ओसरायला लागणारा वेळ तो डिके. बोट उचलल्यावर सूर विरायला लागणारा वेळ तो रिलीज. आणि मधला सस्टेन म्हणजे वेळ नव्हे. पट्टी दाबून ठेवलेली असताना आवाज किती मोठा राहणार, ती त्याची उंची. तो तळाशी असला की सूर उठतो आणि लगेच मरतो, पट्टी कितीही वेळ धरून ठेवा. माणसं अशा वेळी ती पट्टी आणखी जोरात दाबतात. काही जण दोन बोटांनी दाबतात.

रिलीज वर राहिला तर उलटी तऱ्हा. गजर संपला, बुवांनी हात जोडले, प्रसादाची ताटं फिरायला लागली, तरी सूर हवेतच. ॲटॅक वर राहिला तर त्याहून वाईट. झांजा ठेक्यावर पडतात आणि सूर त्यांच्यामागून रमतगमत येतो. पखवाजवाला कीबोर्डवाल्याकडे बघतो, कीबोर्डवाला साउंडवाल्याकडे, साउंडवाला वायरीकडे. वायर काढून पुन्हा लावली जाते. चारपैकी एक स्लायडर खाली ओढायचा आहे, हे कुणालाही सुचत नाही, कारण त्या भागात आजवर कुणी गेलेलंच नाही.

अर्पेजिएटरबद्दल फार सांगण्यासारखं नाही. तो आपोआप सुरू होतो, आणि बंद कसा करायचा ते कळेपर्यंत कार्यक्रम संपतो. लोकल ऑफ नावाची एक सोय मात्र माहीत असू द्यावी. ती चालू झाली की पट्ट्यांचा आतल्या आवाजाशी असलेला संबंध तुटतो. रेकॉर्डिंगवाल्यांना ती हवी असते. घरच्या माणसाला ती मेनूत भटकताना चुकून लागते, आणि मग दिवे चालू, डेमो चालू, फक्त पट्ट्या मुक्या. अडॉप्टर बदलला जातो, स्पीकर बदलला जातो, शेवटी कुणीतरी दृष्ट काढायला सुचवतं.

काही यंत्रांवर पॅनिक नावाचंही बटण असतं. मिडीच्या तारेतून सूर सुरू झाल्याचा निरोप पोचतो आणि बंद झाल्याचा वाटेत हरवतो, तेव्हा तो सूर अडकून बसतो आणि बेंबीच्या देठापासून ओरडत राहतो. हे बटण दाबलं की यंत्र सगळे सूर एका झटक्यात बंद करतं. पॅनेलवर वादकाच्या मनाची अवस्था जशीच्या तशी छापलेलं एवढं एकच बटण, आणि ते बहुधा शिफ्ट दाबून धरल्याशिवाय चालत नाही.

आता ज्यांना ओळख करूनच घ्यायची आहे त्यांच्यासाठी. मॅन्युअल राहू द्या. कटऑफवर हात ठेवा, दुसऱ्या हाताने एकच पट्टी दाबून धरा, आणि नॉब या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवा. मग रेझोनन्स. मग एकेक स्लायडर. एका वेळी एकच, दोन नको. आवाज बिघडला तर बिघडू द्या. साठवायचं बटण दाबलं नसेल तर पुन्हा तोच क्रमांक दाबला की मूळ आवाज जसाच्या तसा परत येतो.

आणि जुना सिंथेसायझर विकत घेत असाल तर विकणाऱ्याच्या घरीच दोन्ही चाकं हलवून बघा, सगळे स्लायडर खरखर न करता सरकतात का ते ऐका, ट्रान्सपोज शून्यावर आहे ना ते पाहा. शेवटी आतली बॅटरी कधी बदलली ते विचारा. डीएक्स-सेव्हन किंवा ज्युनो-१०६ सारख्या यंत्रांत साठवलेले सगळे आवाज आतल्या एका नाण्याएवढ्या तीन व्होल्टच्या बॅटरीवर टिकून असतात. ती संपली की आवाज पुसले जातात, आणि डीएक्स-सेव्हनमध्ये ती सोल्डर केलेली असते, म्हणून ती बदलायला कारागीरच लागतो.